दिवस विकणारी बेटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेटराष्ट्रे आणि किनारी देश यांच्या प्रादेशिक सहकार्यावर वृत्तपत्रांत अधूनमधून लेख येतात. सोबत छायाचित्र असते ते एक तर लाटांखाली जाणाऱ्या बेटाचे, नाही तर हात हातात घेऊन उभ्या असलेल्या राष्ट्रप्रमुखांचे. 1994 मध्ये बार्बाडोस, 2005 मध्ये मॉरिशस, 2014 मध्ये सामोआ, 2024 मध्ये अँटिग्वा. परिषदा होतात, आराखडे ठरतात. ते निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. पण सहकार्यामुळे कोणाच्या तिजोरीत चार पैसे पडले आणि समुद्रात मासाही टिकला, असे उदाहरण हवे असेल तर ते या परिषदांच्या बाहेर, नाउरू करारात सापडते. त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

प्रशांत महासागरातल्या काही छोट्या देशांनी 1982 मध्ये हा करार केला. आज त्यात आठ देश आहेत: किरिबाती, तुवालू, नाउरू, पलाऊ, मार्शल बेटे, सॉलोमन बेटे, मायक्रोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी. किरिबातीची जमीन जेमतेम 811 चौरस किलोमीटर, पण हक्काचा समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर. त्या समुद्रातली दौलत म्हणजे ट्यूना मासा, आणि तो धरायला येतात दूरदेशीच्या अवाढव्य पर्ससीन बोटी. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि बटव्याची नाडी ओढावी तसे तिचे तोंड खालून आवळायचे, की थवाच्या थवा आत.

पूर्वी प्रत्येक देश आपापला परवाना विकत असे. बोटवाला एकाला सांगे, ‘शेजारी स्वस्तात देतोय.’ मग यानेही भाव उतरवायचा. मासळीच्या किमतीचा किरकोळ टक्काच बेटांच्या हाती पडत असे. अमेरिकेची तर भूमिकाच अशी होती, की ट्यूना हा भटका मासा, त्याच्यावर किनारी देशाचा हक्क चालत नाही. 1984 मध्ये सॉलोमन बेटांनी ‘जॅनेट डायना’ ही अमेरिकन बोट पकडली, तेव्हा अमेरिकेने त्यांच्या मासळीची आयातच बंद केली. पण प्रकरण चिघळले आणि 1987 मध्ये त्याच अमेरिकेला बेटांच्या गटाशी एकत्रित करार करून पैसे मोजावे लागले. गाव करील ते राव काय करील, दुसरे काय.

खरी गंमत 2007 नंतरची. या देशांनी नुसते परवाने विकणे सोडले आणि दिवस विकायला काढले. वर्षभरात सगळ्यांच्या पाण्यात मिळून पर्ससीन बोटींनी किती दिवस मासेमारी करायची हे आधी ठरते, मग ते दिवस देशांत वाटले जातात, आणि बोटवाला ते विकत घेतो. एका दिवसाचा किमान भाव 8,000 डॉलर. त्याखाली कोणी विकायचे नाही. बोट 80 मीटरपेक्षा लांब असेल तर तिचा एक दिवस दीड दिवस धरला जातो. धरलेल्या मासळीचे वजन लपवता येते, दिवस लपवणे अवघड, कारण उपग्रहाला बोट दिसत असते. त्यातही पळवाटा निघाल्याच. ‘आज जाळे टाकलेच नाही, हा दिवस मोजू नका,’ असे अर्ज येऊ लागले! शिवाय प्रत्येक पर्ससीन बोटीवर निरीक्षक ठेवण्याचा नियम आहे. परक्या बोटीवर आठवडेच्या आठवडे एकट्याने राहून तिच्याच चुका नोंदवायच्या, असे हे काम आहे. काही निरीक्षक समुद्रावरून परत आलेच नाहीत. सहकार्याची ही किंमतही आपण विसरू नये.

शिवाय मासा सरहद्द पाळत नाही. एल निन्योच्या वर्षी उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि त्यामागे थवेही किरिबातीकडे जातात. पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे मासा कमी होतो. एरवी अशा वर्षी भांडणेच व्हायची. इथे मात्र ज्याच्याकडे मासा नाही तो आपले दिवस ज्याच्याकडे आहे त्याला विकू शकतो. 2010 च्या सुमारास या देशांना पर्ससीन बोटींकडून वर्षाला 6 कोटी डॉलरच्या आसपास मिळत होते. दशक संपता संपता ते 50 कोटींच्या घरात गेले.

सगळे आलबेल आहे असे नाही. डबाबंद करण्याचा मोठा धंदा आजही थायलंडमध्ये आहे. आणि समुद्र तापत गेला तर हाच मासा आणखी पूर्वेला, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रात जाईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मग दिवस कोणाला विकणार? ज्यांनी धूर सोडला नाही त्यांचेच गिऱ्हाईक त्या धुरामुळे जाणार.

आता हिंदी महासागराकडे पाहा. मालदीवचे कोळी आजही बोटीच्या मागच्या कडेला ओळीने उभे राहून गळाने एकेक ट्यूना काढतात. पाण्यावर फवारा सोडतात, जिवंत आमिष टाकतात, काठी उचलली की मासा डोक्यावरून मागे येतो आणि दोरी सैल पडताच आपोआप सुटतो, कारण गळाला उलटा काटाच नसतो. याच महासागरात पर्ससीन बोटी तरंगते तराफे सोडून त्यांच्या सावलीला जमलेली पिल्लेही उचलतात. फेब्रुवारी 2023 मध्ये केनियातल्या मोम्बासाला हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या बैठकीत किनारी देशांनी मतदान घेऊन या तराफ्यांवर वर्षातून 72 दिवसांची बंदी मंजूर करून घेतली. युरोपीय संघाने हरकत घेतली. इतर काही देशांनीही हरकती घेतल्या आणि ठराव लागू होण्याआधीच बाद झाला. झोंबणारी गोष्ट ही, की हरकत घेणाऱ्यांत सेशेल्सही होते. पण त्यांना दोष देताना मी अडखळतो. त्यांचे व्हिक्टोरिया बंदर आणि तिथला ट्यूनाचा कारखाना याच बोटींवर चालतो. बंदीचा तोटा त्यांनी एकट्याने सोसायचा आणि फायदा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असा तो हिशेब होता. तोटा वाटून घेण्याची सोय नाउरू करारवाल्यांनी दिवसांच्या खरेदी-विक्रीत केली. हिंदी महासागरात ती कोणी केलेली नाही.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. हिंदी महासागरातल्या देशांची पुढची परिषद होईल तेव्हा समूह छायाचित्र जरूर छापा, पण त्याखाली एवढे मात्र कळवा: तराफ्यांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता का, आणि सेशेल्सचा तोटा कोण भरून देणार याबद्दल कोणी चकार शब्द काढला का?

आपला,
एक नियमित वाचक