किती मिनिटांनी बंद पडतो, हे कुणी विचारतच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. ३३ वर्षे शाळेत गणित शिकवले, आता निवृत्त आहे. रीत न लिहिता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कापल्याशिवाय मी कधी राहिले नाही. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दोन दुकानदारांनी मला तसलीच उत्तरे दिली, म्हणून हे पत्र.

मुलगा पुण्याला असतो. त्याला घरच्यांना स्वतःच्या मुंजीची डीव्हीडी दाखवायची होती. मुंज २००७ सालची, डीव्हीडी कपाटात शालूच्या घडीत. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते, तेव्हा आमचा जुना टेबलावरचा कॉम्प्युटर, म्हणजे आमचा डबा, कामाला लावला. आधी ती लागेचना. ड्राइव्ह गेला असे वाटले, पण मुलाने फोनवर सांगितले की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने आपल्या प्लेअरमधून डीव्हीडी काढूनच टाकली आहे. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर टाकला आणि सनई सुरू झाली.

पुण्याहवाचन चालू असताना कॉम्प्युटर फट्‌कन बंद. बिघाड झाल्यावर येतो तो निळा पडदा नाही, काही निरोप नाही. डोक्यावरचा पंखा फिरत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती.

रावपुऱ्यातल्या एका दुकानात नेला. पाच मिनिटे गाणे लावून बघितले आणि निकाल दिला, "मधरबोर्ड गयुं छे, मासी. नवुं ज लई लो." साडेसहा हजारांचा अंदाज. दुसऱ्या दुकानात म्हणाले व्हायरस आहे, फॉर्मॅट मारू, पाचशे रुपये. फॉर्मॅट म्हणजे सगळे पुसणे, हे मला ठाऊक होते म्हणून बरे. ह्यांनी दोन उन्हाळे बसून स्कॅन केलेले जुने फोटो त्याच डब्यात आहेत. दोघांपैकी एकानेही विचारले नाही की बाई, बंद पडतो तो किती मिनिटांनी? ताप कधी चढतो हे न विचारता डॉक्टर औषध देतो का?

शेवटी वही घेऊन मीच बसले. दुपारी पहिल्यांदा १८ मिनिटांनी बंद. लगेच चालू केला तर ६ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे, गार असताना, चाळीस मिनिटे चालला. डिस्क काढून हार्ड डिस्कवरचा व्हिडिओ लावला, तरी दुपारी तेच. म्हणजे डिस्कचा आणि ड्राइव्हचा दोष नाही. पत्र टाइप करताना मात्र तो तासन्‌तास चालतो, कारण त्यात प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, फारसे काम नसते. व्हिडिओत त्याला चित्र सतत उलगडत राहावे लागते, तो तापतो, आणि ठरावीक मर्यादेपुढे जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. मुलाने फोनवर सांगून विंडोजची एक नोंदवही उघडायला लावली, तिच्यात दर वेळी 'कर्नल पॉवर ४१'. मला वाटले कुणी लष्करातले गृहस्थ. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद पडला. कारण ती सांगत नाही. कारण दिसले ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर: बंद पडल्यावर लगेच चालू करून डिलीट दाबले, तर प्रोसेसरचे तापमान ९१ अंश.

वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडली आणि मान खाली गेली. आमचा डबा टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेला, आणि त्याच टेबलाशी बसून मी रोज वाती वळते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यात कापूस, धूळ आणि उदबत्तीची काजळी मिळून चक्क नमदा झाला होता. बोटाने उचलला तर अखंड निघाला, पट्ट्यांचे ठसे उमटलेला. पंखा गरगर फिरू नये म्हणून पाते पेन्सिलीने अडवून रंगाच्या ब्रशने बाकीचे झाडले. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवणारी, त्यांच्याखालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पुसून नवी लावली. ट्यूब १२० रुपये. आता भर दुपारी, बाहेर ४२ असताना, पूर्ण मुंज पाहून झाल्यावर ५८ अंश. दुकानात तो बंद का पडला नाही, याचे उत्तरही त्या पाच मिनिटांतच आहे.

यात एक दुसरा आजार मिसळला होता. पहाटेच्या त्या चाळीस मिनिटांत मातृभोजनाशी चित्र थिजले, आवाज खरखरला, पण माउस हलत होता, कॉम्प्युटर चालू होता. परत लावली तर नेमके तिथेच. ठरल्या जागी अडते ते डिस्कचे दुखणे, ठरल्या वेळाने बंद पडते ते उष्णतेचे, असा मी धडा घेतला. डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसायची नाही, कारण माहिती चकलीसारखी गोल लिहिलेली असते आणि त्या दिशेने ओरखडा गेला तर सलग पुष्कळ खाऊन जातो. स्टुडिओवाल्याने वर गणपतीचा कागदी स्टिकरही चिकटवला आहे. तो एका बाजूला सुटलाय, त्यामुळे डिस्क फिरताना थरथरते. ओढून काढायचा धीर झाला नाही.

मग सगळ्या फाइली कॉपी केल्या. बडोद्यात मराठी घराघरांतून अशा लग्नामुंजींच्या डीव्हीडी पडून आहेत. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगाचा थर वर्षांनी फिका पडतो, तेव्हा ज्यांच्याकडे चालणारा ड्राइव्ह उरला आहे त्यांनी याच सुट्टीत उतरवून घ्याव्यात. दुकानदारांना विनंती एवढीच की निकाल देण्याआधी अर्धा तास मशीन चालू ठेवून बघा. वेळेचे पैसे घ्या, आम्ही देऊ.

आमच्या मुंजीतले चारेक सेकंद काही आले नाहीत. मी बटूला दुसरा घास भरवते आणि एकदम चौथा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे