सूटबुटातला दादरा

सांगली,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय दिग्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराचं खापर तुझ्याच माथी. ‘अजून तबला बडवतोस का, आणि माझं म्हणणं पटलं का?’ एवढं विचारून तू मोकळा झालास. कुठलं म्हणणं, ते लगेच कळलं. कृष्णेच्या घाटावर भडंगाचा पुडा मध्ये ठेवून तू फर्मावलं होतंस, ‘वॉल्ट्झ म्हणजे सूटबूट घातलेला दादरा.’ म्हणजे तो गोऱ्यांचा तीन मात्रांचा नाच आणि आपला सहा मात्रांचा ताल, दोन्ही एकच. मी मान डोलावली होती. ती आता परत घेतो.

झालं असं, की इथल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं ‘एडलवाइस’ म्हणणार होती. तबल्याला मी. तीन-तीनची चाल, म्हणून बिनधास्त दादरा धरला. चार ओळींत मुलं ढेपाळली. जिथं गाण्याला पाय टेकायचा, तिथं नेमका माझा डग्गा गप्प. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, ‘काका, नुसतं पहिल्यावर वाजवा.’ इतक्या वर्षांची तालीम आणि हे ऐकायची वेळ!

पण मेख तीच रे. दादऱ्याला चौथ्या मात्रेवर खाली असते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. अर्धं भरलेलं, अर्धं रिकामं. वॉल्ट्झला रिकामं काही नाहीच. दर तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा सम, म्हणजे ठोस पहिली मात्रा. म्हणून तो गरगरतो. आणि ते गाणं ऑस्ट्रियाचं लोकगीत आहे असं बाईंसकट सगळ्यांना वाटत होतं. ते 1959 च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीत नाटकासाठी संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी केलं, तेही बॉस्टनमध्ये आधीचे प्रयोग चालू असताना. हॅमरस्टाइन तेव्हा आजारी होता. त्याचं हे शेवटचं गीत; पुढच्याच वर्षी तो गेला.

मग मला नादच लागला. रात्री जेवणं झाली की तिकडच्या अशा संगीत नाटकांची रेकॉर्डिंग लावायची आणि बोटांनी मांडीवर ठेका धरायचा. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये (1949) ती नर्स प्रेमात पडल्याचं कबूल करते, ते गाणं आठवतं? ‘मी प्रेमात पडले’ हेच पाच वेळा, एका दमात, आणि दर खेपेला ‘प्रेम’ बरोबर समेवर. त्यावर दादरा लावून बघ. पाचातल्या दोन प्रेमांवर खाली येते! हिला म्हटलं, ‘हे आपल्यासारखंच झालं.’ ती काही हसली नाही.

माझं सगळ्यांत आवडतं मात्र ‘कॅरोसेल’मधलं, 1945 चं. सुरुवातीच्या त्या वॉल्ट्झमध्ये कुणी गातच नाही. आपल्याकडे नांदी झाल्याशिवाय पडदा हलत नाही, त्यांच्याकडे सुरुवातीला नाटकातल्या गाण्यांचे तुकडे गुंफून वाजवायची रीत. इथं दोन्ही नाही. पडदा उघडतो तोच जत्रेत. लाकडी घोड्यांची चक्री फिरतेय, बिली गिऱ्हाइकं हाकारतोय, गिरणीत काम करणारी ज्युली त्याच्याकडे बघतेय. अवाक्षर नाही, नुसता वॉल्ट्झ, आणि तोही कितीतरी मिनिटं. सुरुवातीला वाद्यं जरा बेसूर, अडखळत; जणू चक्रीला कुणी वंगण घातलेलं नाही. मग वेग येतो. मूळ नाटक मोल्नार या हंगेरियन नाटककाराचं, बुडापेस्टमधलं. रॉजर्स-हॅमरस्टाइननी ते उचलून अमेरिकेच्या किनाऱ्यावर ठेवलं. मला मात्र दर वेळी हरिपूरची जत्राच दिसते. तू त्या चक्रीवरून उतरलास आणि माझ्या नव्या चपलांवर ओकलास, ते मी विसरलेलो नाही.

व्हिएन्नाच्या ‘द मेरी विडो’बद्दल (1905) फार लिहीत नाही. गोड आहे, फार गोड. श्रीखंड दोन वाट्यांपुढे जात नाही, तसं होतं.

पण ‘अ लिटल नाइट म्युझिक’ (1973) ऐकच. साँडहाइम या संगीतकारानं जवळजवळ सगळं नाटक तीनच्या पटीत बांधलंय. पडदा उघडला की जोडपी वॉल्ट्झ करतात आणि नाचता नाचता जोडीदार बदलत जातात. पुढं काय गोंधळ होणार ते पायांनीच सांगून टाकलं. शिवाय पाच गाणारे असे, की ज्यांना कथेत फारसं काम नाही. येतात, टिप्पणी करतात, जातात. म्हटलं, हे तर आपल्या गावचं! विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधारच म्हणायचा आणि पात्रं आपापलं बोलायची. आणि ‘नाइट म्युझिक’मधलं ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे गाणं! ते म्हणणाऱ्या नटीचा, ग्लिनिस जॉन्सचा, दम लांब टिकायचा नाही, म्हणून साँडहाइमनं ओळीच तोकड्या केल्या. आपण एका तानेसाठी दोनदा वन्स मोअर मागणारे लोक; आपल्या नाटकात असं कुणी केलं असतं का? तरी त्या तुटक ओळींतून वय झालेल्या नटीची अख्खी फजिती कळते.

तर तू हरलास, असं लिहून पत्र संपवणार होतो. पण काल नात पाहुणी आली होती. तिनं कुठल्याशा शिबिरात वॉल्ट्झ शिकलाय. अंगणात मला धरून शिकवायला लागली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्या समेला माझा डावा पाय, पुढच्या समेला उजवा, मग पुन्हा डावा. मी थांबलोच. पावलं तीन आणि पाय दोन. त्यामुळे सम दर खेपेला पाय बदलते. म्हणजे सहा मात्रांनीच फेरा पुरा होतो की रे! खाली आहे. ती तबल्यात नाही, पायांत आहे.

आता यावर तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहून कळवू नकोस. गणपतीत ये. येताना पेटी आण. इथल्या पेटीचा काळी चारचा पडदा बसलाय. चक्रीवर मात्र तुला चढवणार नाही.

तुझा,
बंड्या