पराभवाचे दोन अर्थ

दुभंगलेला पक्ष निवडणूक हरला की त्यातले दोन्ही गट एकाच निकालाचे दोन अर्थ लावतात. एक म्हणतो, मूळ विचार सोडला म्हणून हरलो. दुसरा म्हणतो, त्यालाच कवटाळून बसलो म्हणून. मतदाराला विचारायला मात्र कोणी जात नाही!

ब्रिटनचा मजूर पक्ष पाहा. १९७९ मध्ये सत्ता गेल्यावर तो आणखी डावीकडे झुकला आणि १९८१ मध्ये चार माजी मंत्र्यांनी बाहेर पडून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. १९८३ मध्ये मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. फुटीर पक्ष व लिबरल यांच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळूनही जागा अवघ्या २३! म्हणजे फुटणाऱ्यांच्या हातीही धुपाटणेच. मजूर पक्षाला सत्तेत परतायला १९९७ उजाडले.

उलट १९७७ च्या पराभवानंतर फुटलेली काँग्रेस पाहा. इंदिरा गांधींचा गट तीनच वर्षांत ३५३ जागा घेऊन परतला. (त्यात जनता पक्षातल्या भांडणांचा वाटा मोठा होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) तेव्हा फूट म्हणजे शेवट, असे सरसकट म्हणता येत नाही.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. लाट विरोधात गेली की काठावरच्या मतदारसंघांतले उमेदवार पडतात आणि बालेकिल्ल्यांतले तरतात. पुढची दिशा मग तेच ठरवतात, ज्यांना पराभवाची झळ सर्वांत कमी लागलेली असते. पडलेल्यांना चिंतन बैठकीचे साधे निमंत्रणही नसते.

– एक वाचक