टॅग लिहिणाऱ्या हातांचे आभार

‘होस्टाइल टेरेन ९४’ या कला-प्रदर्शनात भिंतीवरच्या सीमेच्या नकाशावर टाचायचे टॅग, म्हणजे मृतदेहाला ओळखीसाठी बांधतात तशा चिठ्ठ्या, लिहिणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. १९९४ च्या अमेरिकी सीमाधोरणाने कागदपत्रांविना निघालेल्यांना ॲरिझोनाच्या वाळवंटात ढकललं. तिथे मरण पावलेल्या ३,२०० हून अधिक जणांचे हे टॅग. ओळख पटलेल्यांचे फिकट पिवळसर, न पटलेल्यांचे नारिंगी. नाव, वय, मृत्यूचं कारण, देह सापडला ती जागा, सारं हातानेच लिहायचं. अक्षांशातला एक आकडा चुकला तरी माणूस नकाशावर भलतीकडेच जातो, म्हणून तुम्ही ओळन्‌ओळ दोनदा ताडून पाहिलीत. नारिंगी टॅग लिहिताना तर कुणीच घाई केली नाही. दाटीच्या जागी टॅग एकमेकांखाली झाकले जातात. तिथे टाचणी अर्धीच खुपसून खालचं नाव तुम्ही वाचण्याजोगं ठेवलंत.