पेंटरकाका, आता पिंपळाखालून वाचता येतं

पेंटरकाकांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही मोबाइलवर वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगितलंय. सगळ्यांसमोर लिहितोय तेही मुद्दाम. "डिझाइन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारत मुलं येतात आणि दर वेळी मी तुमचीच गोष्ट सांगत बसतो. एकदा लिहून टाकलेली बरी.

जत्रेतल्या नाटकाचा तो दहा फुटी फ्लेक्स आठवतो? मी नुकताच एक कोर्स संपवून गावी आलो होतो. तिथं सॉफ्टवेअरची बटणं शिकवली, अक्षराबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा बारीक रेघेचे फॉन्ट आणि अक्षरांत ऐसपैस मोकळी जागा, अशी फॅशन होती. इंग्रजीत ते झकास दिसायचं, म्हणून मराठीलाही तेच केलं. शिरोरेषेचे तुकडे झाले. दोरा तुटून मणी सांडावेत तसं नाटकाचं नाव फलकभर सांडलं. शिवाय तळाशी मोठ्या दिमाखात छापलेलं: "देणगी देणार्यांचे आभार".

तुम्ही ओरडला नाहीत. रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली मला नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "वाच." मी स्वतः त्या नाटकात भालदार होतो, तरी मला नाव लागेना.

"बसमधून जाणाऱ्यानं हे वाचायचंय," तुम्ही म्हणालात. "बस काय तुझ्यासाठी थांबणार?"

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या पडवीत. आठ दिवस ब्रशला हात लावू दिला नाहीत. सुताला खडू चोळायचा, फळीवर ताणून फटकारायचं, उमटलेली रेघ पुसायची, पुन्हा फटकारायचं. मग जागा मोजायला शिकवलंत. अक्षरं किती आहेत ते मोजायचं नाही, प्रत्येकाचं अंग मोजायचं. र ला अर्धी जागा, क ला एक, अ ला आणि क्ष ला दीड. फळीच्या मधोमध खूण करून तुम्ही दोन्ही बाजूंना बोटं मोजत जायचात. शेवटचं अक्षर कडेला येऊन चेपलंय, असं तुमच्या एकाही पाटीवर मी पाहिलं नाही. वरच्या वेलांटीला आणि रफाराला डोकं असतं, खालच्या उकाराला पाय असतात, दोन ओळींत त्यांची टक्कर होता कामा नये. संगणक ओळींत जे अंतर आपणहून सोडतो ते बहुतेकदा इंग्रजीच्या मापाचं असतं, हे मला पडवीत उकिडवं बसल्यावर कळलं. आजही फाइल उघडली की आधी ते अंतर वाढवतो.

आणि तो ल! माझी छापील प्रत पाहून तुम्ही म्हणालात, "हा दांडीचा ल हिंदीवाल्यांचा. आपला पाकळ्यांचा." मला वाटायचं, फॉन्टमध्ये जे येतं ते आलं. नंतर कळलं की पुष्कळ फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी ठरवून दिली की आपलं रूप समोर येतं. अर्ध्या र चा धडाही तुमचाच, माझ्या "देणार्यां"वरून दिलेला. "आचाऱ्यांना" लिहिताना य वर रफार चढवला तर ते स्वयंपाकी आचारी राहत नाहीत, आचार्य होतात. "फॉन्टमध्ये नाही" असं मी कुरकुरलो तर तुम्ही म्हणालात, "नसेल तर हाताने काढ."

ते वाक्य मला पुढे एकदा, जुन्या छपाईबद्दल वाचताना, फार लागलं. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. तरी १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं तेव्हा भाषा मराठी आणि लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नव्हते. आणि मी, सगळं हाताशी असताना, मित्रांना मराठीतले निरोप इंग्रजी अक्षरांत पाठवत होतो. (त्या दिवसापासून बंद केलं. जवळपास.)

मुलांना आता मी काय सांगतो तेही ऐका, चुकत असेन तर कान धरा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं डी'सोर्स हे संकेतस्थळ फुकट आहे, तिथं अक्षरांवरचे धडे आहेत. पैसे नसतील तर इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीवर हात बसवा. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, त्यातलं एक अक्षर मोठं करून कागदावर गिरवा. मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी आधी सुलेखनकार होते, हे विसरू नका. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मात्रा मोडत असतील तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावा. डिझाइनची कामं दाखवणाऱ्या बिहान्स या संकेतस्थळावर तासभर घालवलात तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन तास घालवा, पणजीच्या फोंतेन्या या जुन्या वस्तीतल्या घरांवरच्या टाइल्सची नावं बघा. रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन हा फॉन्ट मी तुम्हाला मोबाइलवर दाखवला होता. तुम्ही चष्मा वर करून पाहिलात आणि म्हणालात, "ह्यानं पाट्या नीट बघितल्यात." यापेक्षा चांगली पावती कुठल्या फॉन्टला मिळाली नसेल.

गंमत बघा, हाताने रंगवलेल्या अक्षरांचीच आता फॅशन आलीय. दिल्लीत हनीफ कुरेशी या डिझायनरनं पेंटर लोकांच्या अक्षरांचे फॉन्ट करून ठेवले, आणि इथं पणजीतल्या एका कॅफेवाल्यानं माझ्याकडे "जुन्या पाटीसारखं काहीतरी" मागितलं. मी म्हटलं, सारखं कशाला, जुन्या पाटीवालेच डिचोलीत आहेत. तुम्ही तीन दिवसांत भिंत केलीत. दर विचारला तेव्हा तुम्ही फ्लेक्सचा भाव सांगितलात आणि मी मध्येच तोंड घालून चौपट सांगितला. परतीच्या बसमध्ये तुम्ही डिचोलीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. त्याबद्दल माफी मागत नाही.

आभार मात्र मानायचे राहिले होते. पडवीतल्या त्या मे महिन्याचे, एक पैसा न घेता दिलेल्या डोळ्याचे, आणि पिंपळाखाली सगळ्या गावासमोर न रागावल्याचे.

यंदाच्या जत्रेचा फलक मीच करतोय. रविवारी कच्चं रेखाटन घेऊन येतो. तुमचा एक नंबरचा चपटा ब्रश अजून माझ्याकडे आहे, तो मात्र आणणार नाही.

तुमचा,
पडवीतला पोरगा