उतारावरचं गवत विकू नका

मा. कृषिमंत्री,
सस्कॅचेवान शासन, रेजायना, कॅनडा

स.न.वि.वि.

क्वापेल दरीच्या उतारांवरची सरकारी कुरणं विकू नका, हे सांगणाऱ्या या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने रवाना केली आहे. ही मराठी प्रत इथल्या आणि गावाकडच्या आमच्या माणसांसाठी. माळ म्हणजे पडीक, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो.

रेजायनाहून ईशान्येला निघालं की तासाभराच्या आत सपाट शेतं एकदम संपतात आणि रस्ता खाली उतरतो. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी इथे आणते. दीड-दोन किलोमीटर रुंद, शंभर मीटरच्या आसपास खोल दरी आणि तळाशी क्वापेल नदी, जिला आमच्याकडे ओढाच म्हटलं असतं. दरी तिने कोरलेली नाहीच. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी ती कोरली. ते पाणी कधीच गेलं. आता बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखी ही नदी त्या दरीत वाहते.

उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर झाडी आहे, समोरच्या, ऊन खाणाऱ्या उतारावर नुसतं गवत. जुलैत तिथे फिरून आलो आणि लेकीच्या मोज्यांतून कुसळं वेचत बसले. अगदी आपल्या माळावरची वाटावीत अशी! एक कुसळ ओल्या रुमालावर ठेवलं, तर त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरायला लागली. असंच फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत पेरतं. लेक अर्धा तास बघत होती.

हे गवत वाचलं ते कुणाच्या कृपेने नव्हे. उतार उभा, नांगर चालेना, म्हणून. प्रांतातलं मूळ गवताळ रान आज पंचमांशाहूनही कमी उरलंय. त्यातली बरीच जमीन सरकारी आहे, चराईला दिलेली, आणि आपलं खातं अशा जमिनी विकत आलं आहे. गुरं चरण्याला माझी हरकत नाही. या गवताने हजारो वर्षं इकडचे गवे, म्हणजे बायसन, पोसले. भीती आहे ती विकल्यानंतरच्या नांगराची आणि बंगल्यांची. खाली पास्क्वा, एको, मिशन, कटेप्वा ही तळी आहेत, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवीगार होणारी. वरची माती सुटली तर ती तिथेच जाणार.

आणि जमीन 'सरकारी' म्हणताना जरा थांबावं. नदीचं नाव इथल्या आदिवासी क्री लोकांच्या शब्दावरून आलं, अर्थ साधारण 'कोण हाक मारतंय?'. १५ सप्टेंबर १८७४ला फोर्ट क्वापेलला इथले आदिवासी आणि ब्रिटिश राणी यांच्यात जमिनीबद्दलचा 'चौथा करार' झाला. दहाच वर्षांत, १८८४ला, पलीकडे लब्रे गावात आदिवासी मुलांना घरापासून तोडणारी निवासी शाळा उघडली. ती बंद व्हायला १९९८ उजाडलं. मध्ये १९४०च्या दशकात तळ्यांवर बांध घातले, तेव्हा आदिवासींच्या राखीव वस्त्यांच्या जमिनी त्यांना न विचारता पाण्याखाली गेल्या.

म्हणून मागणी दोनच ओळींची. दरीच्या उतारांवरची सरकारी कुरणं विक्रीच्या यादीतून कायमची काढा. आणि त्यांचं पुढे काय करायचं, हे ठरवण्याआधी करारावर ज्यांच्या पूर्वजांची खूण आहे त्यांना विचारा.

आपली,
रेजायनातली एक मराठी रहिवासी