माणसे मोजता, मग चोऱ्याही त्याच हिशेबात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीची खरेदी सुरू झाली की दुकानांतल्या उचलेगिरीच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ 'कॅमेरे वाढवा' हा सल्लाही येतो. कॅमेरे बहुतेक दुकानांत आधीच आहेत. कपड्यांच्या मोठ्या दुकानांत, सुपरमार्केटांत दारावर माणसे मोजणारे यंत्रही आता असते. पण कुठल्या ऑफरला किती गर्दी झाली, एवढ्यापुरताच त्याचा आकडा पाहिला जातो. तोच आकडा सुरक्षेच्या कामाला जुंपला तर नव्या कॅमेऱ्यांचा बराचसा खर्च वाचेल, असे आमचे मत आहे.

आधी मोजणी खरी आहे का ते बघावे. चौकटीला समोरासमोर बसवलेला इन्फ्रारेड काउंटर स्वस्त पडतो, पण दोन माणसे खांद्याला खांदा लावून आत शिरली की तो एकच मोजतो, आणि सणाच्या खरेदीला एकेकटे कोण येते? दाराचे तोरण लोंबून वाऱ्याने हलले तरी त्याचा आकडा चढतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात मावळतीचे ऊन थेट सेन्सरवर आले की नेमकी संध्याकाळची मोजणी बिघडते. छतातून खाली पाहणारा दोन भिंगांचा किंवा टाइम-ऑफ-फ्लाइट (प्रकाश परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा) सेन्सर त्याहून बरा. तो साधारण अडीच ते चार मीटर उंचीवर आणि दारापासून मीटरभर आत लावावा, म्हणजे उघडमिट होणारे दार मोजणीच्या रेषेत येत नाही. हमखास होणारी चूक मात्र वॉचमनच्या स्टुलाची. स्टूल रेषेवर असले की तो दार उघडायला उठला तरी एक आत आणि बसला तरी एक बाहेर. स्टूल दोन हात बाजूला सरकवण्याला पैसे पडत नाहीत. मोबाइलच्या वाय-फायवरून माणसे मोजणारी यंत्रणा विकायला कोणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. हल्लीचे फोन आपला वाय-फाय पत्ता स्वतःच बदलत राहतात, त्यामुळे एकच फोन अनेक गिऱ्हाइके होऊन बसतो.

यंत्राची परीक्षा सोपी आहे. शनिवारी संध्याकाळी ऐन गर्दीत अर्धा तास दोन माणसे हातातला टॅली काउंटर घेऊन उभी करावीत, एकाने आत येणारे मोजावेत, दुसऱ्याने बाहेर जाणारे. हेच एखाद्या मधल्या वारी दुपारी करावे. यंत्राचा आकडा पाच टक्क्यांच्या आत जुळला तर ठीक. दहा टक्क्यांची तफावत असेल तर त्यावर कसलाच निष्कर्ष काढू नये. रात्री शटर ओढताना दिवसभरात आत आलेले आणि बाहेर गेलेले यांची वजाबाकी करावी. आत १,८५० आणि बाहेर १,८२२ असे दिसले तर २८ माणसे दुकानात दडलेली नसतात, ती मोजणीची चूक असते. ही चूक रोज एकाच बाजूला होत असेल तर रेषा चुकीच्या जागी आहे किंवा मागच्या दाराने माणसे जात आहेत. म्हणूनच बंद करताना ट्रायल रूम, स्वच्छतागृह आणि जिन्याखालची जागा डोळ्यांनीच तपासावी, ते काम यंत्रावर सोडू नये. शटर पडल्यानंतर मात्र हेच यंत्र फार कामाचे ठरते, कारण त्या वेळेचा खरा आकडा शून्य असतो. रात्री दोन वाजता एक जरी नोंद झाली तर मालकाच्या फोनवर इशारा गेला पाहिजे.

दुसरे काम घड्याळांचे. दुकानात बिलिंगचा संगणक, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र) आणि माणसे मोजणारा काउंटर अशी तीन घड्याळे असतात आणि इंटरनेटला न जोडलेला डीव्हीआर महिन्याभरात काही मिनिटे सहज मागेपुढे होतो. त्याच्या आतली बटण-बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर तारीखच भलतीकडे जाते. मग ७ वाजून १० मिनिटांचे बिल कॅमेऱ्यात ७ वाजून २२ मिनिटांनी शोधत बसावे लागते. तिन्ही यंत्रे नेटवरून एकाच वेळेशी जुळवून घ्यावीत आणि दर सोमवारी दुकान उघडताना एकदा ताडून पाहावीत.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकते, हे फार कमी दुकानदारांना नेमके माहीत असते. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने लिहीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. चार टीबीची डिस्क २३ दिवसांत भरते आणि जुने पुसून वर नवे लिहिले जाऊ लागते. मालाची मोजदाद महिन्यातून एकदाच होत असेल तर पहिल्या आठवड्यातल्या चोरीचा पुरावा मोजदादीच्या आधीच गेलेला असतो. सगळ्या मालाची रोज मोजदाद करणे कोणालाच परवडणार नाही. पण लहान, महाग आणि पटकन विकल्या जाणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू निवडाव्यात: किराण्यात तुपाचे डबे, बाळांच्या दुधाची पावडर, रेझरची पाती, डिओ, काजू-बदामाची पाकिटे. त्या उघडताना, दुपारी चारला आणि बंद करताना मोजाव्यात आणि बिलांशी ताडाव्यात. सकाळी १८ डबे होते, चारपर्यंत बिले ५ झाली आणि शेल्फवर ११ च आहेत, म्हणजे दोन डबे दुकान उघडल्यापासून चारच्या आत गेले. आता तासवार वर्दळीचा तक्ता उघडावा. दुकानात गिऱ्हाईक आणि नोकर यांचे प्रमाण कोणत्या तासाला बिघडले होते ते दिसते, आणि त्या शेल्फचे पूर्ण दिवसाऐवजी एखाद्या तासाचेच चित्रीकरण आधी पाहावे लागते.

या प्रमाणाबद्दल थोडे अधिक. चोरी ऐन गर्दीतच होते असे समजून सगळे वॉचमन संध्याकाळी दारात उभे केले जातात. पण दुपारी दोन ते चार या वेळेत वरच्या मजल्यावर एकच मुलगी असते, तीही जेवायला जाते, आणि वर सहा गिऱ्हाइके असतात. 'एका नोकरामागे किती माणसे' हा भागाकार तिथेच सगळ्यात वाईट निघतो. त्यासाठी किती आले हा आकडा पुरत नाही, आत या क्षणी किती आहेत हे हवे. तासाला १२० माणसे येत असतील आणि सरासरी पाऊण तास थांबत असतील तर एका वेळी आत ९० असतात. लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी दोन-दोन तास बसतात, तिथे प्रवेशाची गर्दी सहाला आणि आतली गर्दी साडेसातला असते. पाळी बदलण्याची आणि वॉचमनच्या जेवणाची वेळ नेमकी त्यातच ठेवलेली असते! ती कुठे हलवायची हे आठवड्याभराचा तक्ता पाहून ठरवता येते.

आता गल्ल्याकडे. दुकानातली तूट दरवेळी बाहेरच्यानेच केलेली असते असे नाही. समजा शनिवारी सात ते आठमध्ये २४० माणसे येतात आणि नेहमी ८४ बिले होतात, पण आज ६० च झाली. आधी रांग बघावी, कंटाळून लोक परत गेले असतील. कुटुंबे मोठी होती का तेही बघावे, पाच जणांचे बिल एकच होते. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी न करता त्याच हंगामातल्या त्याच वाराशी करावी. तरीही उलगडा झाला नाही तर बिले रोख आणि यूपीआय अशी वेगळी करावीत. यूपीआयची बिले नेहमीइतकीच आणि फक्त रोखीची कमी, तीही एकाच पाळीत, असे वारंवार दिसले तर काही रोख विक्री बिलाशिवाय होत असण्याची शक्यता धरावी. तशा वेळी रद्द केलेली बिले आणि विक्री न होता उघडलेला गल्ला यांच्या नोंदी काढाव्यात. निव्वळ आकड्यावरून कोणावर आळ घेऊ नये, पण कुठे बघायचे हे आकडा सांगतो.

मालावरचा चोरीविरोधी टॅग निकामी न करता नेला की दारात वाजणाऱ्या गेटचेही तसेच. गेट किती वेळा वाजले यापेक्षा दर हजार माणसांमागे किती वेळा वाजले हे लिहावे. मधल्या वारी हजारामागे बारा आणि शनिवारी दोन असे दिसले तर शनिवारी चोर सुटीवर नव्हते. गर्दीत सारखे वाजते म्हणून कोणीतरी गेट बंद करून ठेवले होते. बिलावर घाईत टॅग निकामी करायचा राहून जातो, हे खोट्या घंटेचे नेहमीचे कारण. आत येताना वाजले तर दुसऱ्या दुकानाचा टॅग असतो. प्रत्येक घंटेची वेळ आणि कारण वहीत टिपावे. आणि घंटा वाजली म्हणून गिऱ्हाइकाची जबरदस्तीने झडती घेण्याचा अधिकार वॉचमनला मिळत नाही, हे त्याला नीट शिकवावे.

चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप घालणाऱ्यांनी हाच आकडा वेगळ्या नजरेने बघावा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) दुकानाच्या तळमजल्यावर माणशी ३ चौरस मीटर आणि वरच्या विक्री-मजल्यांवर माणशी ६ चौरस मीटर असा हिशेब धरला आहे. दीड हजार चौरस फुटांच्या तळमजल्याला तो ४६ माणसांचा होतो. धनत्रयोदशीला आत नव्वद माणसे आणि बाहेर पडायला एकच दार, ही स्थिती कुठल्याही चोरीपेक्षा महाग पडेल. त्या दाराला कुलपाऐवजी आतून ढकलताच उघडणारा आणि उघडताच भोंगा वाजवणारा दांडा लावावा. चोरही त्या दाराने गुपचूप जाणार नाही.

या सगळ्यासाठी चेहरे ओळखणारी यंत्रणा लागत नाही. माणसे मोजायची असतील तर चेहरा साठवू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, नको ती माहिती गोळा करून जबाबदारी अंगावर घेण्यात शहाणपण नाही. शिवाय वर्दळीचा तक्ता तास आणि गर्दी दाखवतो, माणसाचे कपडे किंवा भाषा नाही. साध्या कपड्यांतल्या गिऱ्हाइकामागे मिनिटा-मिनिटाला नोकर पाठवायची जी वाईट सवय अनेक दुकानांना आहे, तिला या तक्त्यात काही आधार सापडत नाही.

चित्रीकरणात काही सापडलेच तर ते त्याच दिवशी वेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि डीव्हीआरवरचे मूळ पुसले जाणार नाही अशी सोय करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी नोंद न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) लिहावे लागते. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर फिरवला तर यातले काहीच होत नाही. शहरातल्या व्यापारी संघटनांनी या प्रमाणपत्राचा नमुना मराठीत छापून दिवाळीपूर्वी सभासदांना द्यावा, एवढी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपले,
दुकानांतील मोजणी व सुरक्षा यंत्रणांचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे